खुंटीवरची डांगरी

महिपती, तुझ्या घरच्यांनी फोटो पांढऱ्या शर्टातला लावलाय. खांद्यावर पट्ट्या, केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर कंपनीच्या जाहिरातीत शोभेल असं हसू. हार त्या पट्ट्यांवरून खाली आलाय. मी समोर सतरंजीवर बसलो होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं, की हा फोटो चुकीचा आहे. आपण दोघांनी बारा वर्षं एकत्र काम केलं, त्यातली निम्मी तू ग्रीस माखलेल्या निळ्या डांगरीत काढलीस. पण डांगरीतला फोटो कोण काढतो, आणि काढला तरी त्याला हार कोण घालणार.

रक्षाविसर्जनाला मी आलो नाही. मुद्दाम आलो नाही, उगाच कामाचं निमित्त सांगत नाही. माझी बायको मंगल, जिच्या हातचं वाटण तू ताट पुसून खायचास, ती म्हणाली, "मेलेल्या माणसावर कसला राग धरताय?" मी म्हणालो, "जिता हुता तवा धरला त्योच हाय, नवा काडलेला न्हाय."  चौथ्या दिवशी मात्र मीच हातकणंगल्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या गाडीनं राजारामपुरीत तुझ्या दारात आलो.  रागानं आलो की कशानं, ते मला अजून ठरवता येत नाही.

तुझ्याकडून मला एकच वाक्य हवं होतं. 'ते काम मीच त्याला सांगितलं होतं.' एवढंच. अकरा वर्षं मी त्याची वाट बघितली. लोकांना वाटायचं, मला नोकरी परत हवी आहे, लायसन परत हवं आहे. हवं होतंच. पण सगळ्यात आधी मला ते वाक्य हवं होतं, कारण ते खरं होतं आणि ते खरं आहे हे माहीत असणारी माणसं माझ्या हिशेबानं जगात दोनच होती, तू आणि मी. आता एकच उरला. माझ्या बाजूनं बोलू शकणारा एकमेव साक्षीदार तू होतास आणि तू तोंड न उघडता गेलास. माणूस गेल्यावर रडायचं असतं हे मला कळतं रे. मी रडलोही. पण रडतानासुद्धा तुला शिव्या देत होतो.

तुझी माझी ओळख वसतिगृहातल्या जेवणाच्या रांगेत झाली. विमान दुरुस्तीच्या कोर्सला आलेली सगळी पोरं इंग्रजी झाडत होती, मी ताट धरून मुकाट उभा होतो. तेवढ्यात पुढून कोणीतरी ओरडलं, "आमटी हाय का न्हाय रं?" मला इतका आनंद झाला की रांग मोडून तुझ्यापाशी आलो. "पावणं, गाव कंचं?" तू विचारलंस. मी म्हणालो हातकणंगले. तू म्हणालास, "मी नेसरीचा. मग काय, घरचाच की तू." तू नेसरीच्या पाटलांच्या घरातला, मी हातकणंगल्याच्या बौद्ध वस्तीतला. गावात आपण भेटलो असतो तर एकमेकांना घरचा म्हणायला किती वर्षं गेली असती कुणास ठाऊक. तिथं ते आमटीच्या एका पळीत झालं.

तोंडी परीक्षेला माझी जीभ वळायची नाही. तू मला गच्चीवर नेऊन पंधरा दिवस प्रश्न विचारलेस, साहेबाचा आवाज काढून, भुवया उंचावून. मी हसायला लागलो की टपली मारायचास. लॉकिंगची तार पिळायलाही मला तूच शिकवलंस. नट हादऱ्यानं सुटू नये म्हणून त्याच्या भोकातून बारीक तार ओवून पिळून बांधायची असते. माझी तार सारखी उलट्या बाजूला ओढली जायची. तू माझी बोटं धरून म्हणालास, "सुधा, तारंनं नट आवळला पायजे. सुटायच्या बाजूला ओढलीस तर नसल्यागत हाय ती." त्या कोर्समध्ये मी जे काही शिकलो त्यातलं अर्धं मास्तरांनी शिकवलं, अर्धं तू. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग आपल्याला ती कंपनी मिळाली. अठरा खुर्च्यांचं एक विमान. सकाळी मुंबईहून कोल्हापूर, संध्याकाळी परत. पुढं दोन वैमानिक, आणि मागं तिसरा माणूस. तो तिसरा माणूस आठवड्याआड तू किंवा मी, दुसरा तो आठवडा कोल्हापुरात दुरुस्तीला. आपण दार लावायचो, माणसांचे पट्टे बांधून द्यायचो, लिमलेटच्या गोळ्या वाटायचो. विमान कोल्हापूरच्या माळावर उतरलं की कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचो. तिथं दाराशी दोन खुंट्या होत्या. पांढरा शर्ट एका खुंटीला लावायचा, दुसरीवरची डांगरी उतरवून अंगात चढवायची, आणि ज्यांना गोळ्या वाटल्या त्यांच्याच विमानाच्या पोटाखाली पाना घेऊन शिरायचं. वेगळे मेकॅनिक ठेवायला कंपनी तयार नव्हती. लायसन असलेली दोन माणसं आयती मिळाली होती, ती कशाला सोडतील.

घोळ तिथंच होता. विमानात बसणाऱ्यांसाठी नियम होता, की इतके तास काम झालं की इतके तास आराम. दुरुस्ती करणाऱ्यांच्या नियमात तासांचं नावच नव्हतं. काम चोख पाहिजे आणि खाली सही पाहिजे, बस्स. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. एकच माणूस दोन्हीकडे असला तर काय करायचं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मुंबईच्या साहेबांनी त्यावर आपला तोडगा काढला. पांढरा शर्ट अंगात असेल तेवढा वेळ ड्यूटी. डांगरी चढली की क्रूच्या लाल रजिस्टरात 'विश्रांती' लिहायचं. म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी चार मी चाकाखाली उताणा पडलेला, कामाच्या वहीत माझी सही, आणि लाल रजिस्टरात मी आराम करतोय. तू तर डांगरीची बटणं लावताना म्हणायचास, "चला, जरा इश्रांती घिऊन येतो." आपण दोघं पोट धरून हसायचो.

हसता हसता आपलं भांडणही व्हायचं, आठवतं? शेडमध्ये डबा उघडून बसलो की मी सुरू व्हायचो.

"महिपती, ह्ये बरं न्हाय. उद्या कायतरी झालं तर आपण कुठल्या वहीत हाय ह्ये कोण सांगणार?"

"आरं, नियम न्हाय म्हंजे बंदी बी न्हाय की."

"नियम न्हाय म्हंजे आपल्या पाठीशी बी कोण न्हाय."

"मी हाय की तुझ्या पाठीशी!" असं म्हणून तू माझ्या डब्यातला खर्डा उचलायचास. ते भांडण आपण कधी मिटवलंच नाही. तू असा बोललास की मी भाकरी मोडायला लागायचो.

शेवटी मी तुला पत्राला तयार केलं. राजारामपुरीतल्या टायपिंग क्लासात जाऊन आपण ते टाइप करून घेतलं. मजकूर चार ओळींचा. जो माणूस विमानात क्रू म्हणून बसतो आणि त्याच दिवशी त्याच विमानाची दुरुस्ती करतो, त्याचे कामाचे तास कोणत्या नियमानं मोजायचे. टाइप करणाऱ्या बाईंनी विचारलं, "वर विषयात तक्रार लिहू?" तू म्हणालास, "तक्रार न्हाय ओ, प्रश्न हाय." मी सही केली, तू केलीस. तू ते घडी घालून खिशात ठेवलंस, "मी देतो साहेबाला" म्हणून. दोन आठवड्यांनी तू कोल्हापूरचा इनचार्ज झालास. खांद्यावर एकाच्या दोन पट्ट्या आल्या, त्या फोटोतल्या. तुझं विमानात बसणं थांबलं, माझ्या जोडीला मुंबईचा एक माणूस दिला. पत्राचं विचारलं की तू म्हणायचास, "येळ बघून देतो." मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मित्राला किती वेळा विचारायचं.

तो दिवस तुला सांगायची खरं तर गरज नाही. पण तो तू चौकशीत वेगळाच सांगितलास, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक.

त्या दिवशी मी पहाटे अडीचला उठलो होतो. आदल्या दिवशीही अडीचलाच, कारण मुंबईचा माणूस रजेवर होता आणि माझा तो सलग दुसरा आठवडा होता. विमान उतरलं तसं कॅप्टन म्हणाले, डावा ब्रेक मऊ लागतोय. तू बघितलंस आणि म्हणालास, युनिट बदलायला लागेल, शेडमध्ये दुसरं आहे. मी तुला बाजूला घेतलं.

"महिपती, माझ्यानं हुणार न्हाय आज. उभ्या उभ्या डोळं मिटाय लागल्यात. तू कर, मी दोन तास पडतो."

"मला कसं जमंल? मुंबईचं साहेब याय लागल्यात, त्यांच्या मागं फिरायचंय मला. पाचला इमान गेलं पायजे. तू घाल डांगरी."

"आन् तपासणार कोण?"

"मी येतो की तपासायला. माझ्यावर सोड."

तू घाल डांगरी. माझ्यावर सोड. हे तुझे शब्द. मी ते बदललेले नाहीत, वाढवलेले नाहीत. अकरा वर्षांत इतक्या वेळा मनात म्हणून बघितलेत, तरी त्यातला तुझा आवाजही झिजलेला नाही.

मी डांगरी घातली. ऊन असं होतं की पान्याला हात लावला तरी चटका बसायचा. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, उत्तूरकडची, काष्ट्याचं लुगडं नेसलेली. पाचच्या विमानाला ती बाराला येऊन बसली होती, एसटीला येतात तशी. माझं काम ती दुपारभर बघत होती. एकदा तिनं तारेच्या जाळीतून तिच्या तांब्यातलं पाणीही मला दिलं. चारच्या सुमाराला युनिट बसलं. पाइप जोडला, नट आवळला. कामाच्या वहीत मी माझी सही करून टाकली, म्हणजे तू आलास की तपासून खाली तुझी करशील. शेवटची तार तेवढी पिळायची होती. तार कापली, डांगरीच्या वरच्या खिशात ठेवली आणि बोटं ग्रीसनं घसरत होती म्हणून चिंधी घ्यायला वळलो. तेवढ्यात तुझी हाक आली. "सुधा! साहेब आलं! प्यासेंजर बसवूया, शर्ट घाल लवकर!"

मी शर्ट घातला. डांगरी खुंटीवर गेली आणि तिच्याबरोबर तारही गेली.

ही चूक दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकच्या हातून झाली नसती. तो डांगरीतच घरी जातो, खिसा त्याच्या छातीवर असतो, तार त्याला टोचते. आपण एवढी वर्षं शर्ट बदलत होतो की शर्टाबरोबर डोकंही बदलायचं. पांढरा शर्ट चढला की मी चाक विसरायचो आणि गोळ्यांचं तबक शोधायचो. ती म्हातारी जिना चढून आत आली, मला बघून थबकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं पावणं, मगाशी चाकाखाली तुमीच हुता न्हवं? आन् गोळ्या बी तुमीच वाटायच्या? मग इमान कोन चालवतंय, त्ये बी तुमीच?" अख्खं विमान हसलं. मीही हसलो. तिला दोन गोळ्या जास्त दिल्या.

तू तपासायला आला नाहीस. तू साहेबांच्या मागं उभा राहून हात हलवत होतास, खिडकीतून दिसत होतास. मी समजलो, तू बघून गेलास. तू समजलास, मी केलंय म्हणजे झालंय. धावपट्टीच्या टोकाला विमान वळायला लागलं, नट सुटला, ब्रेकचं तेल गेलं आणि डावं चाक धावपट्टी सोडून कडेच्या चरात उतरलं. जीव कोणाचा गेला नाही. म्हातारीचं मनगट मोडलं. मी तिचा पट्टा सोडवत होतो आणि ती चांगल्या हातानं माझा दंड धरून विचारत होती, "तुमास्नी लागलं न्हाय न्हवं?"

सगळ्यांना उतरवल्यावर मी शेडकडे पळालो. खिशात हात घालायच्या आधीच मला कळलं होतं. तू मागून आलास. माझ्या तळहातावरची तार तू बघितलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "मी बघतो. तू काय काळजी करू नगंस." त्या स्पर्शावर मी चौकशीचा दिवस येईपर्यंत जगलो.

चौकशीत तारेची चूक मी पहिल्या वाक्यात कबूल केली. तू समोर बसला होतास, तुला आठवत असेल. चूक माझ्या हातांची होती आणि ती मी कोणावर ढकलली नाही. पण दोन दिवस धड न झोपलेला माणूस त्या चाकाखाली गेला कसा, हे सांगायचं काम तुझं होतं. चौकशी घेणाऱ्या साहेबांनी लाल रजिस्टर उघडलं. "सुधाकर कांबळे त्या वेळी ड्यूटीवर होते का?" तू म्हणालास, "रजिस्टरमध्ये विश्रांती आहे, सर." "मग काम कोणी दिलं?" तू टेबलाकडे बघत म्हणालास, "मी दिलं नव्हतं. त्याला स्वस्थ बसवत नाही, सर. त्यानं आपणहून केलं असणार." "आणि तपासलं का नाही?" "काम दिलंच नव्हतं, तर तपासणार कसं?" तू आपलं हाय-न्हाय सोडून एकदम पुस्तकातलं मराठी बोलत होतास. मला आधी वाटलं, दुसराच कोणीतरी बोलतोय.

मी पत्राचं सांगितलं. साहेबांनी तुला विचारलं. तू म्हणालास, आठवत नाही.

म्हातारीला कोणीतरी बोलावून आणलं होतं, हात गळ्यात बांधलेला. ती एकटीच ठणकावून बोलली. "ह्यो गडी सकाळपास्नं राबत हुता. म्या डोळ्यानं बघितलाय. इश्रांती कसली, त्येला पानी बी म्या दिलं." साहेबांनी तिला नमस्कार केला आणि जायला सांगितलं. तिचं म्हणणं कुठल्याच वहीत बसत नव्हतं. ज्या बाईचं मनगट माझ्या चुकीनं मोडलं ती माझ्या बाजूनं बोलली, आणि तू गप्प होतास.

लायसन गेलं, नोकरी गेली. ते तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही ते सांगतो. माझे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते, शब्दाला शब्द कधी वाढवायचे नाहीत. जेवताना त्यांनी ताटावरचा हात थांबवला आणि विचारलं, "सुधा, खरं सांग. त्यो पाटलाचा, आन् तू कांबळ्याचा. म्हणून झालं का ह्ये?" मी तडक न्हाय म्हणालो. आजही न्हायच म्हणतो. बुद्धजयंतीला तू आमच्या घरी येऊन वाडगं चाटून खीर खायचास, ते नाटक नव्हतं. माझ्या जागी तुझा सख्खा भाऊ असता तरी तू हेच केलं असतंस, कारण तू भ्यायला होतास. हे मला समजतं. पण जो प्रश्न आपल्या दोस्तीत एवढी वर्षं कधी आला नव्हता, तो माझ्या बापाच्या तोंडी आला तो तुझ्यामुळं. आबा पुढं दोन वर्षांनी गेले. माझं 'न्हाय' त्यांना पटलं होतं की नाही, मला माहीत नाही. लायसनपेक्षा हे मला जास्त लागलं.

मी हातकणंगल्यात स्टेशन रोडला मोटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या मोटरी, गिरणीच्या मोटरी. हात कामाचा होता, दुकान चाललं. एक दिवस टेम्पोतून एक मोटर आली. मी ड्रायव्हरला विचारलं, कुठली. तो म्हणाला नेसरीची. नेसरीहून हातकणंगल्यापर्यंत वाटेत मोटर दुरुस्त करणारे किती जण असतील? मी मान वर केली तर टेम्पोच्या पुढच्या सीटवर तू बसला होतास. केस पिकलेले, काचेतून सरळ समोर बघत होतास. मी ड्रायव्हरला म्हणालो, "मालकास्नी जाऊन सांग, काय बोलायचं असंल तर उतरून बोला म्हणावं." तो गेला, परत आला. म्हणाला, "न्हाय म्हणत्यात. काय न्हाय."

मी मोटर दुरुस्त केली. जीव लावून केली. बोल्टांना तार घातली, विहिरीच्या मोटरीला तशी तार कोणी घालत नाही. तुझ्या हातानं शिकलेली, आवळायच्या बाजूला ओढलेली. वाटलं, तुझ्या नजरेला पडेल आणि तू कधीतरी येशील. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तो रिकामा, तू त्यात नव्हतास. उतरून दहा पावलं टाकायची होती रे. ती मीही टाकली नाहीत, हे कबूल करतो. पण माझी पावलं टाकायची पाळी नव्हती.

आता परवाचं. शालन वहिनींनी मला बघितलं आणि "भावजी" एवढंच म्हणून तोंडाला पदर लावला. शेजारणीनं चहा आणून दिला. मी ठरवून आलो होतो, की काही बोलायचं नाही. वहिनींना आणि तुझ्या पोरीला काय माहीत असणार. त्यांच्यापुढं तू इनचार्जसाहेब. तुझ्या मागं तुझं नाव काढून घेण्यात मला काय मिळणार होतं? खरं सांगू, मला माझंच कौतुक वाटत होतं. एवढं होऊनही मी तुला झाकायला निघालो होतो.

तुझी अनुजा समोर येऊन बसली. मी तिला शेवटची बघितली तेव्हा ती शेडमध्ये येऊन आपल्या पान्यांची मापं वाचायची. आता तिनंही तुझंच शिक्षण घेतलंय आणि अशाच एका लहान कंपनीत लागलीय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"काका, एक विचारू? आमच्याकडं बी तसंच हाय. उडताना क्रू, उतरलं की दुरुस्ती. रजिस्टरमध्ये काय लिहायचं विचारलं की म्हणत्यात, विश्रांती लिहून टाक, सगळी लिहित्यात. मी काय करू?"

इतकी वर्षं गेली, विमानं बदलली, रजिस्टरं कॉम्प्युटरात गेली म्हणतात. आणि तो प्रश्न तसाच, आपण टाइप केलेला. माझा चहा गार झाला होता. मी सांभाळून बोलायचं ठरवलं होतं, पण तिच्याकडे बघून ते जमेना.

"काम केलंस तर काम लिही," मी म्हणालो. "दुसरं काय लिहायला कुणी सांगितलं, न्हायतर तोंडी काम सांगितलं, तर आधी त्याच्याकडनं कागदावर सही घे. त्यो किती बी जवळचा असू दे. जवळचा असला तर आधी घे."

बोलून गेलो आणि मला वाईट वाटलं. वर हार घातलेला तू आणि मी खाली बसून हे सांगतोय. अनुजानं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाबांनी पण हेच सांगितलंवतं," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा नोकरीला निघाले तवा, स्टँडवर. म्हणाले, 'सुधाकरला ते काम मीच सांगितलंवतं. आन् नंतर न्हाय म्हणालो. तुझ्यासंगं तसं कोण वागू नये.' गाडी सुटायला लागली तरी खिडकीला धरून तेच सांगत हुते."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आपलं तुटलं तरी त्या शनिवारच्या बाजारात मंगलला भेटून सुखदुःखाचं बोलायच्या; तेव्हाही, इतकी वर्षं, माहीत होतं.

मी उठलो. फोटोला नमस्कार केला, कारण सगळे बघत होते. चपला घालून जिना उतरलो आणि चालत स्टँडवर आलो.

ते वाक्य तुला येत होतं, महिपती. पाठ होतं. स्टँडवर उभं राहून, गाडी सुटायच्या आत, पोरीला ते धडाधड सांगता आलं तुला. त्याच स्टँडवरून हातकणंगल्याची गाडी दर अर्ध्या तासाला सुटते.